स्लूपला डोलकाठ्या किती?

या महिन्यात तीन पत्रं आली आणि एक पोस्टकार्ड. नव्या वाचकांसाठी सांगतो: मुंबईतल्या एका गोदीत मी ३४ वर्षं आरेखनाच्या टेबलावर काढली. आता ठाण्यात चरईत राहतो आणि जेवणाच्या टेबलाच्या अर्ध्या भागावर शिडांच्या जहाजांच्या प्रतिकृती करतो. उरलेल्या अर्ध्या भागावर आम्ही दोघं जेवतो. त्यामुळे हे सदर मला संपादकांनी दिलं की बायकोने मिळवून दिलं, हे अजून नक्की कळलेलं नाही.

काका, माझा मुलगा सातवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्याने लाकडी पट्ट्यांचं किट आणून एक जहाज बनवलं. खोक्यावर 'ब्रिग-स्लूप, १८ तोफा' असं होतं, तेच त्याने पाटीवर लिहिलं. शाळेच्या प्रदर्शनात परीक्षक म्हणाले, स्लूपला एकच डोलकाठी असते, याला दोन आहेत, पाटी चुकली. तीन गुण कापले. माझे सासरे मूळचे देवगडचे, ते म्हणतात परीक्षकांचंच बरोबर. मुलगा दोन दिवस घरात कोणाशी धड बोलला नाही. जहाजाचा फोटो सोबत पाठवते आहे. खरं काय ते सांगाल का? (एक वाचक, कोपरी, ठाणे पूर्व)

ताई, पाटी बरोबर होती. पण परीक्षक आणि सासरेबुवाही खोटं बोलत नव्हते, ते दुसऱ्याच स्लूपबद्दल बोलत होते. एकाने 'ठाणे' म्हणून शहर दाखवावं आणि दुसऱ्याने पोलीस ठाणं दाखवावं, तसा हा प्रकार झाला.

बंदरात जहाज ओळखतात ते डोलकाठ्या आणि शिडं बघून. एक डोलकाठी आणि जहाजाच्या लांबीच्या दिशेने लावलेली शिडं असली की ती स्लूप. दोन डोलकाठ्या आणि दोन्हींवर आडव्या काठ्यांना टांगलेली चौकोनी शिडं असली की ब्रिग. तशाच तीन असल्या तर 'शिप'. हा खलाशांचा हिशेब झाला, तुमच्या सासऱ्यांचा.

ब्रिटिश आरमाराचा हिशेब कचेरीत बसून केलेला होता. १६७७ मध्ये सॅम्युअल पेपिस नावाच्या आरमाराच्या सचिवाने जहाजांचे सहा वर्ग पक्के केले. हा गृहस्थ रोजनिशीसाठी प्रसिद्ध आहे, पण हाडाचा हिशेबनीस होता. कुठल्या जहाजाला किती तोफा, किती माणसं, हे एकदा ठरवून टाकायचं, म्हणजे पगाराचा आणि शिध्याचा घोळ होत नाही. पुढे आकडे थोडे सरकले, पण अठराव्या शतकाच्या अखेरीस साधारण असं होतं: १०० किंवा जास्त तोफा असल्या तर पहिला वर्ग, ९० ते ९८ दुसरा, ६४ ते ८० तिसरा, ५० ते ६० चौथा, ३२ ते ४४ पाचवा, २० ते २८ सहावा. लढाईच्या रांगेत उभी राहायची ती मुख्यतः पहिल्या तीन वर्गांतली जहाजं. त्यांत ७४ तोफांचं जहाज म्हणजे आरमाराचा बैल, नांगराला तोच. पाचव्या-सहाव्या वर्गात फ्रिगेटी, म्हणजे हेर आणि टपाल्या.

सहाव्या वर्गानंतर यादी संपते. त्याखालची जहाजं 'वर्गाबाहेरची'. स्लूप इथे येते.

आता गंमत बघा. वर्गातल्या जहाजावर पूर्ण कॅप्टनच नेमायचा, आणि त्याचा पगार जहाजाच्या वर्गावर. मोठं जहाज, मोठा पगार. स्लूपवर मात्र कॅप्टनच्या खालचा अधिकारी, कमांडर. त्याहून लहान कटर, स्कूनर, गन-ब्रिग यांच्यावर नुसता लेफ्टनंट. म्हणजे आरमाराच्या वहीत 'स्लूप' या शब्दाचा अर्थ डोलकाठ्यांशी नव्हताच. ज्यावर कमांडर बसतो ती स्लूप. दोन डोलकाठ्यांची असली तर ब्रिग-स्लूप, तीन असल्या तर शिप-स्लूप. तोफगोळे उंच उडवणाऱ्या बॉम्ब-गलबतांवरही कमांडरच असायचा. आपल्याकडे सरकारी नोकरीत वर्ग १ ते वर्ग ४ होते ना, तसंच. माणसाचा वर्ग ठरला की खुर्ची, गाडी, बंगला सगळं त्यामागून येतं. इथे खुर्ची पाण्यावर तरंगणारी होती, एवढाच फरक.

हे तुमच्या मुलाला पटत नसेल तर त्याला डायमंड रॉकची गोष्ट सांगा. कॅरिबियन समुद्रात मार्टिनिक बेटाजवळ एक सरळसोट उभा खडक आहे, पावणेदोनशे मीटर उंच. जानेवारी १८०४ मध्ये इंग्रजांनी दोर लावून त्यावर तोफा चढवल्या, शंभराहून जास्त माणसं ठेवली, आणि फ्रेंचांच्या बंदराची वाट अडवली. पण या माणसांना पगार कुठल्या खात्यातून द्यायचा, शिधा कोणाच्या नावावर काढायचा? आरमाराने तो खडकच स्लूप म्हणून नोंदवला. नाव 'हिज मॅजेस्टीज शिप डायमंड रॉक', त्यावर नेमलेला अधिकारी कमांडर जेम्स मॉरिस. डोलकाठी शून्य, शीड शून्य, सुकाणू नाही, तळही नाही. जून १८०५ मध्ये पाणी आणि दारूगोळा संपल्यावर मॉरिस फ्रेंच-स्पॅनिश ताफ्यापुढे शरण गेला, तेव्हा जहाज गमावल्यावर होते तशी त्याची रीतसर लष्करी चौकशी झाली. निर्दोष सुटला. खडक जर स्लूप असू शकतो, तर दोन डोलकाठ्यांनी काय बिघडलं?

तुमच्या मुलाने केलेली १८ तोफांची ब्रिग-स्लूप, फोटो बघून सांगतो, बहुतेक क्रूझर वर्गाची आहे. सुमारे १०० फूट लांब आणि १२१ माणसं. नेपोलियनच्या युद्धांत या एका आराखड्याची शंभराहून जास्त जहाजं बांधली गेली. कारण सोपं आहे: दोन डोलकाठ्या म्हणजे लाकूड, दोर, माणसं सगळंच कमी, आणि व्यापारी ताफ्यांना सोबत करायला अशी जहाजं डझनांनी लागायची. यातल्या दोन, 'व्हिक्टर' आणि 'झेब्रा', आपल्या मुंबईच्या गोदीत सागवानात बांधल्या, १८१४ आणि १८१५ मध्ये. हे पाटीवर लिहिलं असतं तर परीक्षकांनी कदाचित गुण वाढवले असते.

लहान म्हणून या जहाजांना कमी लेखू नका. क्रूझर ब्रिगवर १६ कॅरोनेड असायच्या. कॅरोनेड म्हणजे आखूड, पातळ नळीची हलकी तोफ. स्कॉटलंडच्या कॅरन गावच्या लोखंडाच्या कारखान्यात १७७० च्या दशकात निघाली, म्हणून ते नाव. ३२ पौंडी गोळा टाकणारी लांब तोफ पावणेतीन टनांची. तोच गोळा टाकणारी कॅरोनेड एक टनाच्याही आतली. पल्ला मात्र तोकडा. दूरवरच्या मारामारीत ती कुचकामी, पण अंगाला अंग भिडलं की भिंत फोडायची. क्रूझर ब्रिगच्या एका बाजूच्या आठ कॅरोनेड मिळून २५६ पौंड लोखंड फेकायच्या. ३२ तोफांच्या जुन्या फ्रिगेटच्या मुख्य डेकवर एका बाजूला १२ पौंडी १३ तोफा, म्हणजे १५६ पौंड. वर्गाबाहेरचं जहाज पाचव्या वर्गाला जवळून भारी पडत होतं, आणि वहीत त्याचा पत्ता नाही. मोठ्या जहाजांवर ज्या कॅरोनेड जादा म्हणून लावलेल्या होत्या, त्या तर १८१७ पर्यंत मोजायच्याच नाहीत असा नियम होता. ३८ तोफांची म्हणवणारी फ्रिगेट प्रत्यक्षात ४६ घेऊन फिरायची. गोदीत असताना असले आकडे मीही पाहिले आहेत, कागदावर एक आणि जागेवर दुसराच. त्यावर इथे नको.

कॅरोनेडही नसलेल्या एका लहानग्या ब्रिगची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. तिचं नाव 'स्पीडी'. १४ तोफा, त्याही ४ पौंडी. एका बाजूच्या सगळ्या तोफांचे गोळे मिळून २८ पौंड, म्हणजे जेमतेम पावणेतेरा किलो. आमच्याकडे महिन्याची ज्वारी याहून जड येते. तिचा कमांडर थॉमस कॉक्रन गमतीने ते सातही गोळे कोटाच्या खिशात घालून डेकवर फेऱ्या मारायचा. त्याची खोली इतकी ठेंगणी होती की दाढी करताना छताचं झाकण काढून डोकं वर डेकवर काढायचा आणि साबण-वस्तरा तिथेच मांडायचा. ६ मे १८०१ रोजी बार्सिलोनाजवळ त्याची गाठ 'गामो' या ३२ तोफांच्या स्पॅनिश जहाजाशी पडली. तिकडे ३१९ माणसं, इकडे ५४. कॉक्रन पळाला नाही. तो थेट गामोच्या पोटाला जाऊन चिकटला. गामो उंच असल्यामुळे तिच्या तोफांचे गोळे स्पीडीच्या डोक्यावरून जात राहिले, आणि स्पीडीच्या तोफा वरच्या बाजूला वळवलेल्या होत्या, त्या गामोचा डेक खालून फोडत राहिल्या. मग सुकाणू जहाजाच्या डॉक्टरच्या हातात देऊन बाकी सगळे चढाईला गेले. ऐन गर्दीत कॉक्रनच्या माणसाने स्पॅनिश निशाण उतरवलं. आपल्याच अधिकाऱ्यांनी शरणागती दिली असं समजून स्पॅनिशांनी हत्यारं टाकली. पुढे धडधाकट २६३ कैद्यांना ४२ जणांनी धाकात ठेवून बंदरात नेलं.

त्या ऑगस्टमध्ये कॉक्रन कॅप्टन झाला. झाला म्हणजे आता तो स्लूपवर बसू शकत नव्हता!

आता परीक्षकांसाठी दारूगोळा हवा असेल तर हे पान त्यांना दाखवा. पण तुमच्या मुलाला एकट्याला गाठून हळूच सांगा, फोटोत त्याने तोफांना चार-चार चाकं लावली आहेत. कॅरोनेड चाकांच्या गाड्यावर नसायची. ती लाकडी फळीवर मागेपुढे घसरायची आणि फळीचं पुढचं टोक भिंतीला खिळवलेलं असायचं. गुण कापायचेच होते तर यासाठी कापायचे.

आमच्या आजोबांचा मचवा होता. आम्ही घरी मचवा, होडी, पडाव असं वेगवेगळं बोलतो. पण शाळेच्या पुस्तकात सगळ्याच जहाजांना 'गलबत' म्हणतात, आणि इतिहासात 'गुराब' येते. यांत फरक काय? आणि इंग्रजांच्या यादीत या कुठे बसल्या असत्या? (एक वाचक, दिवाळे, बेलापूर)

दादा, तुमच्या घरची भाषा पुस्तकापेक्षा चांगली आहे, ती सोडू नका.

गुराब हा अरबी शब्द, अर्थ कावळा. दोन किंवा तीन डोलकाठ्या, दीडशे ते तीनशे टन, तळ उथळ, पाणी फार लागत नाही. आंग्र्यांच्या गुराबांचं वर्णन रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने बारकाईने केलेलं आहे. गुराबेची नाळ, म्हणजे पुढचं टोक, लांब आणि खाली झुकलेली. नाळेवर पाणी आलं तर आत न येता बाजूने वाहून जावं अशी तिची ठेवण, आणि तिच्या मागच्या भिंतीतून दोन तोफा सरळ पुढे रोखलेल्या, ९ ते १२ पौंडी. बाजूंना ६ ते ९ पौंडी. इंग्रज जहाज लढताना कूस वळवून मारा करायचं. गुराब पाठलाग करताकरताच पुढे मारायची. माझ्या टेबलावर चार वर्षं एक गुराब अर्धवट पडून आहे, कारण ही नाळ मला मनासारखी जमत नाही.

गलबत त्याहून लहान. क्वचितच सत्तर टनांच्या वर. मोठं तिकोनी शीड, २ ते ४ पौंडी सहा-आठ तोफा आणि खरी ताकद म्हणजे चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला तरी ताशी चार मैल. वारा पडलेल्या दिवशी तीन मजली तोफांचं जहाज म्हणजे पाण्यात बसलेली म्हैस. गलबतं मागून यायची, जिथे तिच्या तोफा फिरत नाहीत तिथून. गुराबांना ओढूनही आणायची. आंग्र्यांच्या मोठ्या हल्ल्यात आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबतं असायची, असं ऑर्मने लिहिलं आहे.

इंग्रजांच्या यादीत? एकही बसत नाही. तोफा मोजल्या तर सगळ्या वर्गाबाहेर. पण आपल्याकडे एक एक जहाज तोलायची रीतच नव्हती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचं प्रकरण आहे, ते काढून वाचा. पाच गुराबा आणि पंधरा गलबतं मिळून एक सुभा, असं त्यात सांगितलं आहे. गणतीचं एकक जहाज नाही, टोळी. त्यात पंत असंही बजावतात की जहाजं फार मोठी नकोत, फार लहान नकोत, आणि जी वाऱ्यावाचून हलत नाहीत अशी थोर जहाजं बांधू नयेत. त्या नकोशा जहाजांत एक नाव आहे 'फरगात'. ओळखलंत? फ्रिगेट. पोर्तुगीजांकडून आलेला शब्द. इंग्रज जिला चपळ म्हणून मिरवत होते, ती पंतांना जड वाटत होती. आपल्या खाड्या बघता पंतांचंच खरं.

१६७९ चं खांदेरीचं प्रकरण याचा पुरावा आहे. इंग्रजांनी मोठी जहाजं आणून बेट अडवलं. मराठ्यांच्या लहान नावा रात्री उथळ पाण्यातून शिधा घेऊन बेटावर जातच राहिल्या. १८ ऑक्टोबरच्या लढाईत इंग्रजांची 'डव्ह' मराठ्यांनी धरली, तीही गुराबच. इंग्रजांनी आमच्याच जातीची जहाजं वापरायला सुरुवात केली होती, यातच सगळं आलं.

तुमच्या भागाचा मानही सांगून ठेवतो. महाराजांची लढाऊ जहाजं भिवंडी, कल्याण आणि पनवेल इथे तयार होत असल्याची खबर १६५९ मध्ये पोर्तुगीजांच्या पत्रव्यवहारात येते, आणि ती जहाजं बाहेर समुद्रात जाऊ देऊ नका अशी ताकीदही. पनवेलची खाडी तुमच्या दाराशीच.

आज भारतीय नौदलात फ्रिगेट आणि कॉर्व्हेट आहेत. तोच जुना वर्ग चालू आहे का? (एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे)

नावं तीच, माप गेलं. कॉर्व्हेट हा फ्रेंच शब्द, इंग्रज जिला स्लूप म्हणायचे तिलाच फ्रेंच कॉर्व्हेट म्हणायचे. ट्राफल्गारच्या समुद्री लढाईत लढलेली इंग्रजांची 'व्हिक्टरी' पहिल्या वर्गाची, १०४ तोफा, आठशेच्या वर माणसं, आणि वजन सुमारे साडेतीन हजार टन. आपली शिवालिक वर्गाची फ्रिगेट सहा हजार टनांच्या आसपास. पाचव्या वर्गाने पहिल्या वर्गाला वजनात केव्हाच मागे टाकलं.

एकच जहाज वर्ग कसा बदलतं याचा नमुना मुंबईचाच आहे. 'त्रिंकोमाली' ही फ्रिगेट १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरली, बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया. तिचा आराखडा घेऊन येणारं 'जावा' हे जहाज अमेरिकनांनी १८१२ च्या डिसेंबरमध्ये पकडलं, म्हणून दुसरे कागद मागवावे लागले. (आरेखक म्हणून माझा जीव या एका वाक्यात अडकतो. तेव्हा झेरॉक्स नव्हतं.) आराखड्यात ती ३८ तोफांची. त्याच वर्षी मोजणीचा नियम बदलला, तर ४६ ची झाली. १८४५ च्या सुमारास तोफा कमी करून २६ वर आणल्या आणि ती कॉर्व्हेट झाली. सागवान तेच, सांगाडा तोच. इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या गोदीत आजही बघायला मिळते.

'व्हिक्टरी' ठाण्याच्या खाडीत आली असती का? (पोस्टकार्ड, ऐरोली)

नाही. तिला २८ फुटांच्या वर पाणी लागायचं.

डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी मराठ्यांकडून ठाण्याचा किल्ला घेतला, तोच जिथे आज मध्यवर्ती कारागृह आहे. त्या वेढ्यात त्यांचा आरमारी अधिकारी कमोडोर जॉन वॉटसन जबर जखमी होऊन मेला. मोठी जहाजं इथपर्यंत आणायचा प्रश्नच नव्हता.

तुम्ही ऐरोलीच्या पुलावरून जात असाल तर हिवाळ्यात ओहोटीच्या वेळी खाली बघा. मधली धार सोडली तर चिखलात फ्लेमिंगो उभे असतात, आणि त्यांचे गुडघेसुद्धा बुडालेले नसतात.